दोरीच्या वेटोळ्यातला कॅन

बारावीला रसायनशास्त्र शिकवून शिकवून मला एक खोड लागली आहे. कोणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही. काशीदच्या अलीकडे आमची नारळीची वाडी आहे. तिथे नारळ काढायला आणि मे महिन्यात विहिरीचा गाळ उपसायला वर्षानुवर्षं एकच काका येतात. ते काथ्याच्या दोरीवर उतरायचे. मागच्या वर्षी मी त्यांना चांगलंच सुनावलं, "काथ्या कुजतो, काका. होड्यांना लावतात ती नायलॉनची दोरी आणते मी." आणली. बादलीत तुकडा टाकून बुडवूनही दाखवला. तरंगतं ते स्वस्तातलं, बुडतं ते खरं नायलॉन.

"याला काही होत नाही," मी म्हटलं.

"व्हय, बाई," काका म्हणाले. गाळ उपसायला आले तेव्हा आपली जुनी दोरी मात्र त्यांनी सायकलला गुंडाळून बरोबर आणली होती. मला त्याचा रागच आला.

याच नायलॉनवर मी वर्गात तासभर बोलते. त्याच्या लांबलचक साखळीतला एकेक दुवा अमाइड बंधाने जोडलेला असतो. आपले स्नायू, केस, नखं यांतली प्रथिनंही त्याच बंधाने बांधलेली; तिथे त्याला पेप्टाइड बंध म्हणायचं, इतकंच. नुसत्या पाण्याला तो दाद देत नाही. ॲसिड सोबत असलं की मात्र तेच पाणी त्याला तोडतं. बांगडा पोटात जिरतो तेव्हाही हेच बंध सुटत असतात, फक्त तिथे मदतीला पाचक रस असतात. हे सगळं मला झोपेतही सांगता येईल.

त्या दिवशी काका खाली उतरले होते आणि नवरा वर दोरी धरून उभा होता. वाडीत उतरणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्यांचं न्हाणीघर धुवायचं म्हणून मी ॲसिडचा कॅन आणायला पंपाच्या खोलीत गेले. कॅन उघड्या जमिनीवर होता. शेजारी सिमेंटवर ओलसर गोल डाग पडला होता, वरचा थर खरवडल्यासारखा, आणि नाकाला झोंबणारा वास येत होता.

मग आठवलं. त्या खोलीची जमीन उतरती आहे. कॅन कलंडू नये म्हणून आठवड्यापूर्वी मीच तो नव्या दोरीच्या वेटोळ्यात बसवला होता, चुंबळीवर घागर बसवावी तसा. झाकण सैल होतं. नवऱ्याने सकाळी कॅन उचलून बाजूला ठेवला आणि दोरी घेऊन गेला.

मी विहिरीकडे धावले.

विहिरीच्या मधल्या भागात पाय ठेवायचे चार-पाच दगड निखळलेले आहेत. तेवढ्या टप्प्यात माणसाचा सगळा भार दोरीवर येतो. उतरताना निभावलं होतं. मी पोचले तेव्हा काका गाळातून पाय काढून पहिल्या दगडावर चढत होते.

"काका, खाली उतरा! दोरीला लटकू नका!"

"अगं, काय झालं?" नवरा वैतागला.

"ॲसिड सांडलंय दोरीवर."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कठड्यावर वाकले. खाली फक्त काकांचा पांढरा रुमाल दिसत होता.

"काका, दोरी हाताने चाचपा. कुठे कडक लागते का?"

"कमरेच्या वर दोन हातांवर," खालून आवाज आला. "कडक हाय, बाई. नख लावलं का भुसा निघतो."

मी सायकलकडे पळाले. काथ्याची दोरी सोडताना माझी बोटं गाठीत अडकत होती आणि मी स्वतःलाच शिव्या घालत होते. नवऱ्याने तिचं एक टोक नारळीला बांधलं, दुसरं खाली सोडलं. काकांनी ते कमरेला बांधलं. मधल्या टप्प्यात ते भिंतीला पाय लावून वर सरकत होते, आम्ही दोघं ढील ओढून घेत होतो, आणि काथ्या करकरत होता. प्रत्येक करकरीला मी मनात म्हणत होते, टिक, बाई, टिक.

काका कठड्यावर बसले. त्यांनी नायलॉनचा तो भाग दोन्ही हातांत धरून झटका दिला. तुटला. सकाळी ॲसिडचा कॅन दोरीच्या वेटोळ्यात होता हे नवऱ्याने सांगितलं.

"कॅन कुनी ठेवला हुता?" काकांनी विचारलं.

"साफसफाईला बाई येते ना..." नवऱ्याने सुरुवात केली.

"मी," मी म्हटलं. "मीच ठेवला होता, काका."

काका पाणी प्यायले, सायकल घेतली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आठवड्यानेही नाहीत. नारळ काढायला दुसरा माणूस बोलवावा लागला. वर्गात अमाइड बंधाचा धडा आला तेव्हा मी तो तुटका तुकडा नेला आणि कॅन कोणी ठेवला होता तेही सांगितलं.

यंदा मेमध्ये काका आपणहून आले. खांद्यावर काथ्याची दोरी होती. विहिरीपाशी जाऊन त्यांनी ती खाली ठेवली आणि मला हाक मारली.

"बाई, उतरायच्या आदी दोरी बघा एकदा. तुमाला कळतंय त्यातलं."

मी खाली बसले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी दोरी हाताखालून काढली. काका तोवर उभे राहिले.