गफूरचाचांचं चाकांवरचं ऊन

गफूरचाचा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीच्या छापखान्यात आमच्या संघटनेच्या मागणीचं पत्रक तपासत बसले होते. फोन दर्यापूरकडच्या सुशीलाबाईंचा होता. मक्त्यानं जमीन घेऊन वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणाऱ्या बायकांचा एक गट आहे, त्याच्या त्या म्होरक्या. ‘‘गफूरभाऊ गेले वं बाई. सकाळी चहा घेतला, न बसल्या जागीच...’’ त्या थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, ‘‘आता आपल्या वावरात पाणी कोन आनून देईन?’’ कुणाला हे स्वार्थी वाटेल, मला नाही वाटलं. माणूस गेल्यावर त्याचं काम आठवणं याहून मोठी श्रद्धांजली मला माहीत नाही.

चाचांचं दर्यापुरात पंप दुरुस्तीचं दुकान. आधी ते डिझेल इंजिनं भाड्यानं द्यायचे. मग एक दिवस त्यांनी इंजिनं विकली, ट्रॉलीवर सौर पॅनेल बसवले, खाली पंप जोडला, आणि हे चाकांवरचं ऊन गावोगाव फिरू लागलं. हा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून विहीर-बोअरचा उपयोग नाही. पावसाचं पाणी शेततळ्यात साठवायचं आणि हिवाळ्यात उपसायचं. म्हणजे एका शेताला पंप लागतो वर्षातले मोजके दिवस. पण सरकारची सौर पंप योजना काय म्हणते? पंप एकाच सातबाऱ्यावर, एकाच जागी, खांब रोवून! उरलेलं वर्षभर तो पंप उभा राहणार, तुमच्याआमच्या करातून, बिनकामाचा. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी खारपाणपट्टा नकाशावर तरी पाहिला होता का, असा माझा साधा प्रश्न आहे.

अर्थात हा शहाणपणा मला नंतर सुचला. पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा माझ्या हातात ‘प्रत्येक शेताला सौर पंप, हा आमचा हक्क’ असं पत्रक होतं. चाचांनी ते उभ्यानंच वाचलं. ‘‘कागद चांगला हाये. ग्रीस पुसता येते.’’ मी चिडले. त्यांना तेच हवं होतं. ‘‘पोरी, हरेक वावराले पंप कावून पायजे? हरेक घराले एसटी देते का सरकार?’’

‘‘एसटी सरकारनंच चालवली ना चाचा? बाजारावर सोडली असती तर तुमच्या खेड्यात कोण आलं असतं?’’

ते आत पाहून ओरडले, ‘‘रुखसाना, दोन चहा. भांडनारी पाव्हनी आली!’’ रुखसाना त्यांची मुलगी. वेल्डिंग तीच करायची. चहा ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘अब्बाले भांडाले कोनी भेटत नोतं. तू रोज येत जा.’’

मी रोज नाही, पण वारंवार जाऊ लागले, आणि आम्ही भांडत राहिलो. चाचांचा बाजारावर ठाम विश्वास, ‘‘जे चांगलं ते टिकते.’’ माझा धोरणावर. तेवढ्यात फुकट पंपांची घोषणा झाली. सगळ्यांनी अर्ज भरले आणि वाट पाहत बसले. फुकटात येणार असेल तर भाडं कशाला द्यायचं? चाचांच्या ट्रॉल्या दुकानासमोर उभ्या राहिल्या, आणि शिवारात पुन्हा डिझेलची इंजिनं धूर ओकू लागली. स्वच्छ ऊर्जेची वाट पाहण्यासाठी लोकांनी डिझेल जाळलं! ‘‘पाह्य तुझी सबसिडी. माझं दुकान मारलं तिनं,’’ चाचा म्हणाले. मी म्हटलं, सबसिडीनं नाही, तिच्या अटींनी मारलं. आणि तुमच्या बाजारानं तरी काय केलं? सुशीलाबाईंच्या गटातल्या एकीच्याही नावावर जमीन नाही, म्हणून योजना त्यांना ओळखत नाही. आणि भाडं आगाऊ देता येत नाही, म्हणून बाजारही ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी एक ट्रॉली गटाच्या वावरात गेली. दिवसाचं भाडं ठरलं, आगाऊ काही नाही.

दोनच दिवसांत तक्रार आली... पंप ऐन दुपारी बंद पडतो. चाचा तणतणत निघाले, मला गाडीवर मागं बसवलं. जाऊन पाहतो तर पॅनेलवर ओली पोती पांघरलेली! डिझेल इंजिन तापलं की ओलं पोतं टाकून त्याला दम खाऊ द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. बायकांनी तीच चालवली होती.

‘‘हे काय करून ठेवलं सुशीलाबाई?’’

‘‘काय म्हंजे? हात लावून पाहा, चटका बसते. तुमचीच मशीन वाचवून राहिलो आमी!’’

‘‘अवं, उन्हावर चालते ते, न तुमी उन्हालेच झाकलं!’’

‘‘मंग सांगाले काय झालं होतं? मशीन ठेवली न निघून गेले. आमाले काय सपन पडनार हाये?’’

चाचा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. परतताना दुकान जवळ आल्यावर म्हणाले, ‘‘बाई खरं बोलली. पंप बंद असला तरी माझं भाडं चालूच होतं. मंग मी कायले सांगाले जाईन?’’

त्या आठवड्यात त्यांनी पाइपावर मीटर बसवला. आता भाडं दिवसाचं नाही, पाण्याचं. पाणी नाही तर पैसा नाही. मग बघा काय झालं ते! चाचा आणि रुखसाना स्वतः वावरात जाऊ लागले. पॅनेल पुसणं, उन्हाकडं वळवणं, बायकांना शिकवणं, सगळं आलं. सावली पडली तर आता नुकसान त्यांचं होतं. आणि मला माझं पत्रक सापडलं. आपण पॅनेल बसवण्याचे पैसे देतो, फोटो काढतो, आणि पुढं पाणी आलं का हे कुणीही विचारत नाही. ते विचारा! पंपाला नको, पोचलेल्या पाण्याला अनुदान द्या, आणि ते गटाला द्या, सातबारा न मागता. चाचा म्हणाले, ‘‘आता तू बेपाऱ्यासारखी बोलून राहिली.’’ मी म्हटलं, तुम्हीही सरकारकडं मागायला लागलात की.

वर्षभर अर्जविनंत्या केल्या, तेव्हा कुठं योजनेच्या कार्यालयातून दोघे जण प्रत्यक्ष पाहायला येतो म्हणाले. त्याआधीच चाचा गेले. मला वाटलं, संपलं. ट्रॉल्या भंगारात जाणार. पण ठरल्या दिवशी रुखसानाच ट्रॉली घेऊन आली. रस्त्याकाठच्या एका शेततळ्यावर पंप सुरू झाला, मीटर फिरू लागला, त्यातल्या मोठ्या साहेबांनी फोटोसाठी मोबाइल काढला.

चाचांची एक सवय होती. पाइपातून पाणी आलं की आधी ओंजळ धरायची, घोट तोंडात घोळवायचा, आणि मगच पाणी वावरात सोडायचं. खारं लागलं तर पंप बंद. खारं पाणी मुरलं की आपली काळी माती दगड होते. रुखसानानं ओंजळ धरली, घोट घेतला, थुंकली. ‘‘बंद करा.’’

‘‘अगं, साहेब बघताहेत. पाच मिनिटं तरी चालू दे,’’ मी कुजबुजले.

‘‘खारं हाये.’’

तळ्याचा मालक खाली पाहू लागला. साहेब येणार म्हणून तळं भरलेलं दिसावं, यासाठी त्यानं रात्रीतून बोअरचं पाणी सोडलं होतं! साहेबांनी रुखसानाला विचारलं, ‘‘मीटर तर फिरत होता. तुम्हाला पैसे मिळालेच असते. मग बंद का केलंत?’’ माझ्या सगळ्या पत्रकांना पडलेलं भोक त्यांनी एका प्रश्नात दाखवलं होतं. मीटर पाणी मोजतो, खारं की गोड ते नाही. रुखसाना पाइप गुंडाळत म्हणाली, ‘‘पुढच्या साली बी याच वावरात यायचं हाये मले.’’

साहेब हसले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, एका हंगामासाठी, एका गटाला, पाण्यावर अनुदान देऊन पाहू. पण पाणी तपासण्याची अट घालू. ही पहिली अट, जिच्याविरुद्ध मी पत्रक काढणार नाही.

मग ट्रॉली सुशीलाबाईंच्या वावराकडं वळली. त्यांच्या तळ्यावर पंप लागला, पाइपानं दोन गचके दिले आणि पाणी आलं. रुखसानानं ओंजळ धरली, घोट घेतला आणि बाजूला सरली. सुशीलाबाईंनी घेतला, गटातल्या बाकीच्या बायकांनी घेतला. मग रुखसाना मला म्हणाली, ‘‘पाहून काय राहिली? तू बी घे.’’

मी ओंजळ पुढं केली. गोड होतं.