हेमांगीने मागे घेतलेला शेरा

दिल्लीजवळच्या वैशालीत आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर निवृत्त सुभेदार दामोदर शिंत्रे राहतात. सगळे त्यांना दामूअण्णा म्हणतात. हेमांगी त्यांची मुलगी. वय चौतीस. तिला दिसत नाही. गुरुग्राममधल्या एका कंपनीत ती मोबाइलची ॲप तपासते. म्हणजे ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत, त्यांना ते ॲप वापरता येईल की नाही हे बघते. 'बघते' हा तिचाच शब्द. मी एकदा तो उच्चारताना अडखळलो, तर म्हणाली, "काका, बिनधास्त म्हणा. मी सिरियलसुद्धा बघते."

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी आपल्यातल्या कोणाबद्दल तरी लिहा, असं संपादक सुरेखाताईंनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. म्हणून जे माझ्यासमोर घडलं तेवढं लिहितो.

हेमांगी दिल्ली कँटोन्मेंटमध्ये वाढली. बाराव्या वर्षापासून तिची नजर कडेकडेने कमी होत गेली. आधी बाजूने येणारी सायकल दिसेना, मग ताटातली चटणी. बाविसाव्या वर्षी फक्त उजेड आणि अंधार कळण्याइतकं उरलं. त्यानंतर ती कॉम्प्युटर शिकली आणि नोकरीला लागली. वैशालीहून राजीव चौक, तिथे गाडी बदलून गुरुग्राम, असा मेट्रोचा प्रवास ती एकटी करते. सुरुवातीला अण्णा तिला न सांगता दहा पावलं मागून जायचे. तिसऱ्या दिवशी ती भर डब्यात म्हणाली, "अण्णा, कोपऱ्यातून कोणीतरी उठलं आत्ता, बसून घ्या. आणि उद्यापासून बुटांना पॉलिश जरा कमी लावा." अण्णा चौथ्या दिवशी गेले नाहीत.

तिचा फोन स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवतो. तिने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला आहे की आपल्याला फक्त मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. तिला त्यातला शब्द न् शब्द कळतो. ऑफिसात तिच्याइतकं झटपट काम डोळस माणसांनाही जमत नाही, असं ऐकलं होतं.

गेल्या वर्षी तिच्याकडे एका बँकेचं ॲप आलं होतं, खास पेन्शनवाल्यांसाठी. दर नोव्हेंबरला आम्हाला आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबतं. तो घरबसल्या फोनवरून देता येणार होता. हेमांगी चार वर्षं कंत्राटावर होती. हे काम पार पडलं की ऑक्टोबरमध्ये तुला कायम करू, असं तिचे साहेब यशोधन यांनी सांगितलं होतं. अण्णांनी ती बातमी लिफ्टमनपर्यंत पोचवली होती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. हेमांगी खुशीत होती. ॲप तपासून 'पास' असा शेरा तिने शुक्रवारीच पाठवला होता.

"काका, हे घ्या. आमच्या टेस्टिंगच्या फोनवर आहे. करून तर बघा."

फोनवर सहा आकड्यांचा एक नंबर आला. तो सहा चौकोनांत भरायचा होता, एकेका चौकोनात एकेक आकडा. वर तीस सेकंदांचं घड्याळ उलटं पळत होतं. माझा उजवा हात पाच-सहा वर्षांपासून थरथरतो. दुसऱ्या चौकोनात दोनदा चार पडला. तो खोडेपर्यंत घड्याळ शून्यावर आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी फोन खाली ठेवला आणि म्हणालो, "झालं."

फोन तडतडला.

"नाही झालं काका," हेमांगी म्हणाली. "चोवीस तासांसाठी बंद झालं म्हणतोय तो. तीन वेळा चुकलं."

अण्णा जोरात हसले. "सर्व्हे ऑफिसात नकाशे कोण काढत होतं? तुम्हीच ना?"

"अण्णा, एक मिनिट थांबा." तिचा चेहरा बदलला होता. "काका, नोव्हेंबरमध्ये असं झालं असतं तर काय केलं असतं?"

"काही नाही. श्रीपाद आला की त्याला करायला सांगितलं असतं." श्रीपाद माझा मुलगा, तो बंगळुरूला असतो.

"आणि तोपर्यंत?"

मी बंद फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "मला नऊ सेकंद लागले होते."

मग तिने सगळं सांगितलं. वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवून मागायची सोय हवी, असा त्यांच्याकडे नियम आहे. पण सुरक्षेसाठी मर्यादा लागते असं बँकेने कळवलं, तर त्यात सूट देता येते. बँकेने तसं कळवलं होतं. सूट द्यायची की नाही, हे हेमांगीने ठरवायचं होतं. तिने नऊ सेकंदांत नंबर भरला आणि सूट दिली.

टेस्टिंगच्या फोनवरचं चोवीस तासांचं कुलूप तिला काढता येत होतं. त्या संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात भजनाला आलेल्या सहा पेन्शनवाल्यांना तिने गाठलं. अण्णांनी स्टॉपवॉच धरलं. कोणाची वेळ संपली की ते मैदानावर असल्यासारखे ओरडायचे, "गडी बाद!" चंद्रप्रभाताई चिडून म्हणाल्या, "सुभेदार, ही परेड नाहीये." सहापैकी एकट्या हेरंबरावांना जमलं, तेही तिसाव्या सेकंदाला.

घरी येऊन तिने यशोधनना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"शेरा मागे घेतीये मी."

"अगं, काय बोलतेस? बँकेकडे गेलाय तो. नोव्हेंबरच्या आत आणायचंय त्यांना."

"माहितीये."

"हेमांगी, ऐक यार. तुझाच रिपोर्ट तू चूक म्हणणार, आणि ऑक्टोबरमध्ये मी तुझी फाइल वर घेऊन जाणार? काय सांगू मी तिथे?"

"हेच सांग."

फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "कायम झाल्यावर नसतं का सांगता आलं? दोन महिन्यांचा तर प्रश्न."

"दोन महिन्यांनी नोव्हेंबर येतो, अण्णा." मग ती माझ्याकडे वळली. "इतर कोणी चुकलं तर तो माणूस चुकतो. मी चुकले की लोक म्हणणार, आंधळ्यांना हे काम द्यायलाच नको होतं. मला त्याचीच भीती वाटते. पण आता काय करणार?"

मंगळवारी बँकेच्या लोकांबरोबर व्हिडिओवर मीटिंग ठरली. तिला त्यात मी हवा होतो. मला चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो. मी नाही म्हणालो.

"काका, बोलायचं काहीच नाहीये. तुम्ही फक्त नापास व्हायचंय."

ते मला जमण्यासारखं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याशेजारी बसलो आणि आठ अनोळखी चेहऱ्यांसमोर तीनदा नापास झालो.

बँकेचे एक साहेब म्हणाले, "अंकल थोड़ी प्रैक्टिस कर लेंगे तो हो जाएगा."

हेमांगी म्हणाली, "सर, साल में एक बार का काम है. प्रैक्टिस किस दिन करेंगे?"

कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "लेकिन मैडम, पास तो आपने ही किया था."

"जी. गलती मेरी है. मैंने अपनी उँगलियों से जाँचा, इनकी उँगलियों से नहीं."

यशोधन खाली बघूनच म्हणाले की शेरा कंपनी मागे घेत आहे, दुरुस्तीची यादी गुरुवारी मिळेल. ती यादी बनवताना हेमांगीने दोन दिवस मला बसवून घेतलं. सहा चौकोनांऐवजी एकच लांब रकाना, आकडे मोठे, वेळ पाच मिनिटं, आणि वेळ संपत आली की 'आणखी वेळ हवा' असं बटन.

नोव्हेंबर हुकला. त्या वर्षी आम्ही सगळे नेहमीसारखे बँकेत जाऊन रांगेत उभे राहिलो. ॲप फेब्रुवारीत आलं. त्याआधी, ऑक्टोबरमध्ये, हेमांगीला पत्र मिळालं, त्यात कंत्राट आणखी एका वर्षाने वाढवलं होतं. कायम केल्याचा उल्लेख नव्हता. अण्णा आठवडाभर लिफ्टमनशी बोलले नाहीत, जणू काही चूक त्याची होती.

मी तिला भीत भीत विचारलं, वाईट वाटलं का.

"वाटलं ना. बिल्कुल वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही." आणि लगेच म्हणाली, "पण त्यांनी मला काढलंही नाही, काका. मला वाटलं होतं काढतील."

हे लिहीपर्यंत यंदाचा ऑगस्ट आला आहे. ती अजून कायम झालेली नाही, यंदाही नक्की नाही. एक बदल मात्र तिने स्वतःच्या अधिकारात केला आहे. तिच्या अहवालात आता शेऱ्याच्या वर आणखी एक ओळ असते, 'कोणी कोणी वापरून पाहिलं'. ती ओळ पहिल्यांदा लिहिताना तिने मला विचारलं होतं.

"काका, नाव घालू तुमचं?"

"नको, नको."

"मग काय घालू?"

मी थोडा विचार केला. "वय घाल. आणि हात थरथरतो असं लिही."

तिने तसंच लिहिलं. फोनने ते तडतडत वाचून दाखवलं. मला काही कळलं नाही, म्हणून तिने वेग कमी करून तीच ओळ पुन्हा ऐकवली.