आठ नंबरची गाडी

प्लास्टरची धूळ आणि किस्से, आमच्या लॅबमध्ये दोन्हींचं सारखंच. रोज झाडा, रोज साचतात. मी गोंदियात कवळ्या बनवतो. सोमवार ते शनिवार लोकांचे दात. रविवारी सकाळी मात्र दोन माणसं येऊन बसतात आणि दाताचं काम बंद पडतं. एक बिसेन, राईस मिलचा फिटर. दुसरे शेंडे पेंटर, ज्यांनी उभी हयात गावातल्या दुकानांचे बोर्ड हाताने लिहिले. मागच्या वर्षी आम्ही एक गाडी बांधली. वीतभर लांबीची. हे त्या गाडीचे किस्से, आणि खरं सांगायचं तर पेंटरकाकांचे.

*

गाडी आणली बिसेननं. जुनी अमेरिकन रेसची कार, फोटो बघून ऑनलाईन मागवलेली. खोका उघडला आणि तोंड पाडून माझ्याकडे आला.

"भाऊ, पुरी तुटून आली ना! एक पार्ट दुसऱ्याले लागून नाई."

मी आत पाहिलं. प्लास्टिकच्या चौकटींमध्ये बारीक बारीक तुकडे, प्रत्येकाजवळ नंबर. खाली एक कागद, कोणता तुकडा कुठे चिकटवायचा ते दाखवणारा.

"तुटली नाही बाबा, अजून बनलीच नाही," मी म्हणालो. "ही आपणच बनवायची असते."

बिसेन त्या कागदावरचं इंजिन बघत बसला. मग एवढंच विचारलं, "तुह्या त्या दाताच्या बारीक कानशी कुठं आहेत?"

*

दुसऱ्याच रविवारी घोटाळा झाला. दारावरचा नंबर, इंग्रजी आठ, खोक्यात स्टिकरसारखा आला होता. पाण्यात भिजवायचा आणि दारावर सरकवायचा. पण किट जुनाट, स्टिकर पिवळा पडलेला. पाण्यात टाकला आणि त्याचा भुगा झाला.

"आता हातानंच लिहा लागते," बिसेन बोलून गेला.

आणि आम्हा दोघांची नजर एकाच ठिकाणी गेली. कारण हाताने लिहिणारा माणूस तिथेच बसला होता, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून. दोन वर्षांपासून काकांचा उजवा हात थरथरतो. धंदा तर फ्लेक्सनं आधीच खाल्ला होता, पण हात गेला तेव्हा त्यांनी ब्रश धुतले, तेल लावून डब्यात बंद केले आणि पुन्हा त्या विषयावर कुणाला बोलू दिलं नाही.

"माह्याकडे कायले पाहून राहिले?" काका म्हणाले. "दुसरा स्टिकर मागवा."

दुसरा स्टिकर कुठे मिळत नव्हता. आम्ही खूप शोधला. मला वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडी आशाही वाटत होती.

*

बिसेनला वेगळीच काळजी. "दारं उघडतच नाईत भाऊ. डायव्हर अंदर जाते कसा?"

मी म्हणालो, कंपनीला विचार. तो कशाला विचारतो! माझी सगळ्यात बारीक करवत घेऊन त्यानं दोन्ही दारं कापली, टाचणीच्या तारेचे बिजागर केले. तीन रविवार गेले. दारं उघडायला लागली तेव्हा हा गडी दिवसभर नुसता उघडझाप करत होता.

चौथ्या रविवारी मला मोबाईलवर खऱ्या गाडीचा फोटो सापडला. ड्रायव्हरचे पाय खिडकीतून आत, धड बाहेर. खाली लिहिलेलं, टक्कर झाली तर दार उघडू नये म्हणून दारं वेल्डिंग करून कायमची बंद केलेली असत. माणूस खिडकीतून आत जायचा.

बिसेननं फोटो पाहिला, दार पाहिलं, मला पाहिलं. "हे तीन हप्ते आधी सांगाले तुले काय झालं होतं?"

दारं पुन्हा बुजवली. भरायला माझ्याकडे होतं ते कवळीचं मटेरियल, गुलाबी. निळ्या रंगाचा हात देण्याआधी दोन्ही दारांना गुलाबी कडा.

काका खूप दिवसांनी हसले. "गाडीले हिरड्या आल्या," म्हणाले.

*

मग टायर. उजवीकडचे मोठे, डावीकडचे लहान. बिसेननं कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मोठे टायर घासायला कानस उचलली.

त्या दिवशी त्याचे वडील आले होते, बोदलकशाहून, ढिली कवळी घेऊन. बाबूजी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. त्यांनी कवळी तोंडात बसवली आणि मला विचारलं, "हे गाडी पळते कोनत्या बाजूनं?"

"गोल मैदानात, बाबूजी. सारखी डावीकडेच वळत."

"मंग बरोबर आहे ना. मळणीत खांबाभवती बैल फिरतात, तं खांबाजवळ म्हातारा बैल जुपतो आपन. बाहेरच्याले रस्ता जास्त, म्हणून तिकडं लांब टांगेचा." एवढं बोलून बाबूजींनी कवळी काढून माझ्या हातात दिली. "हे टोचून राहिली."

मी अर्धा तास मोबाईलवर शोधत होतो. शेवटी इंजिनियर लोकांनी लिहिलेलं सापडलं आणि तेही हेच सांगत होतं. बिसेननं कानस मुकाट्यानं जागेवर ठेवली.

*

दिवाळीनंतर गाडी तयार. निळी, चकचकीत, आणि दारं कोरी. नंबर नसलेली रेसची गाडी म्हणजे काय, बिनकुंकवाचं लग्न. बिसेननं एक दिवस धीर केला आणि स्वतःच पांढऱ्या रंगानं आठ काढला. धानाच्या पोत्यावर मार्का मारतात तसा दिसत होता.

काका उठले, चिंधीनं त्यांनी तो ओला आठ पुसून टाकला. "आठ म्हंजे एकावर एक दोन गोळे नाई, बिसेन. एका दमात वळन घ्या लागते. उस्तादानं मले सहा महिने फक्त आठच काढाले लावला होता."

"मग काढा ना काका," मी म्हणालो.

काकांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो हलत होता. "पाहून घे," म्हणाले, "चांगला पाहून घे." आणि घरी निघून गेले.

त्यानंतर दोन रविवार ते आलेच नाहीत. मी का बोललो म्हणून बिसेन मला आणि मी स्वतःला शिव्या देत होतो.

*

तिसऱ्या रविवारी काका आले. हातात ब्रशचा डबा. टेबलावरच्या गाडीकडे पाहून नाक मुरडलं.

"बसून मी जिंदगीत बोर्ड लिहिला नाई. शिडी लावा."

वीतभर गाडीला शिडी! पण बिसेननं 'काऊन, कशाला' असं काही विचारलं नाही. मिलमधली शिडी ऑटोवर टाकून आणली, माझ्या दारावर, जिथे दुकानाचा बोर्ड असतो तिथे, एक फळी ठोकली. मी स्टुलावर चढलो आणि दार काकांकडे करून गाडी फळीवर दोन्ही टोकांना धरली. काका तीन पायऱ्या चढले. रस्त्यावरचे लोक थांबून वर बघायला लागले.

ब्रश रंगात बुडाला. हात असा हलत होता की एक थेंब खाली बिसेनच्या कपाळावर पडला. बिसेननं पुसला नाही.

मग ब्रश दाराला टेकला. वरचं वळण, कंबर, खालचं मोठं वळण, परत वर. एका दमात. आणि निळ्यावर पांढरा आठ उभा होता.

"झाला काय?" खालून बिसेन.

काकांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. "फिरव," मला म्हणाले. मी गाडी फिरवली. दुसऱ्या दारावर दुसरा आठ. माझे डोळे भरून आले होते, आणि दोन्ही हात गाडीत अडकलेले, त्यामुळे पुसताही येईना.

"उतरा आता काका," बिसेन शिडी धरून म्हणाला. "चहा सांगतो."

"चहा थांबव," काका म्हणाले. "तुमी लोकांनी फोटो धड पाहिलाच नाई. छतावर पन राहते नंबर, चांगला मोठा. सहा महिन्यांपासून मोबाईलवर रोज पाहून राहिलो मी."