कप्तान बाईचा शेवट

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेली बाई अंतराळाच्या कादंबऱ्या वाचते, हेच बायांना पटत नव्हतं. मग मी सांगितलेला शेवट कोण मानणार! पण आमच्या बपेरा गावच्या रोवणीच्या टोळीत किस्से असे साचतात, की धानाच्या बांधीतलं पाणी ओसरतं, किस्से ओसरत नाहीत.

रोवणीत बाया गाणी म्हणतात. मी वाकून धानाचं पऱ्हं, म्हणजे रोपं, लावता लावता कादंबरी सांगते. यंदा होती कप्तान बाईची. लहान पोरीला घरी ठेवून दूरच्या ग्रहावर जहाज घेऊन गेलेली.

"तिथं माणूस तरंगते," मी म्हटलं.

माझी धाकटी जाऊ कौसल्या म्हणाली, "मंग पऱ्हं रोवलं तर तेही वर येत असन!"

"तिथं धान नाही वो. गोळ्या खातेत."

"भात नाही? मंग जातेत कायले एवढ्या दूर!"

हिचं नेहमीचंच. "पुस्तकानं माझं डोकं दुखते," म्हणायची, आणि खोडी सगळ्यात आधी काढायची.

*

एकदा गोष्टीत जहाजातली हवा संपत आली. सगळ्या बाया हातात पऱ्ह्याची जुडी धरून तशाच उभ्या!

बांधावरून मालक ओरडला, "काय झालं? साप निघाला का?"

टोळीची मुख्य पार्बताबाई म्हणाली, "साप नाही जी, हवा सरली!"

*

मग माझ्या पोरीनं, पिंकीनं, त्याच कादंबरीचा सिनेमा मोबाईलवर आणला. दुपारच्या जेवणात सगळ्या त्याच्यावर वाकल्या.

"जहाजात प्यायले पाणी नाही, न् ओठाची लाली कायम!" मी म्हटलं.

"चूप बस वो!" बाया ओरडल्या.

शेवटी कप्तान बाई घरी आली, पोरीला बिलगली. बायांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "खोटं आहे. पुस्तकात ती परत येत नाही."

पार्बताबाई भडकली. "सुमन, पान दाखव. नाहीतर तुही गोष्ट बंद!"

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं ते पुस्तक घरून आणलं, उघडलं. शेवटची पानं फाडलेली! मी उंदरांना शिव्या दिल्या, पिंकीला दिल्या, वाचनालयालाही दिल्या. पण टोळीनं त्या दिवसापासून गाणी धरली. माझा हात चालायचा, तोंड बंद.

*

रोवणी सरली. रिवाजाप्रमाणे बायांनी एकमेकींना चिखल फासला, आणि तशाच जेवायला बसल्या. पिंकीनं बातमी दिली, "सिनेमाचा दुसरा भाग येऊन राहिला. कप्तान तीच आहे!"

कौसल्या घास गिळत म्हणाली, "येऊ दे वो. पुस्तकात जहाजाचा दरवाजा आतून लावून बसली होती बिचारी, पोरीची रिबीन हातात घेऊन."

सगळ्यांचे हात थांबले. सिनेमात दरवाजा नाही, रिबीन नाही. मी तर तिथवर सांगितलंच नव्हतं!

"तुले कसं मालूम?" पार्बताबाईनं विचारलं.

कौसल्यानं पदरानं तोंड पुसलं. चिखल आणखीच पसरला.

"घरी पोरगी वाट पाहून राहिली होती न वो. तिच्या मायले कशी मरू देऊ?"

पार्बताबाईनं नाक ओढलं. मग माझ्याकडं वळली. "पुढच्या साली गोष्ट तूच सांगजो, सुमन. पण आधी सांग, पानं कोणी फाडली? उंदरांनीच न?"

मी कायले लपवू?

"कौसल्या!"