एक ठोका दाब, दोन ठोके सोड

थोरल्यांना मी अहो-जाहो करते ते तोंडाला पडलेल्या वळणामुळे. आदर म्हणाल तर कणभर नाही. थोरले म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि माणसं बिघडवण्यातही नाही. लग्न केलं नाही. म्हणजे तसं ते सांगतात. मला विचाराल तर कोणी पुढे आलं नाही, आणि आली असती एखादी, तर तिचेही नटबोल्ट त्यांनी पहिल्याच दिवशी आवळून पाहिले असते.

आमचं घर वर आणि गॅरेज खाली. जिन्याच्या कठड्याला हात लावला की काळा होतो. गॅरेजच्या दारापासून फाटकापर्यंत सिमेंटचा उतार आहे, दुरुस्त झालेली गाडी त्यावरून खाली सोडायची. लग्न होऊन आले तेव्हा दोघे भाऊ मिळून काम करत. मिळून म्हणजे, माझा नवरा काम करी आणि थोरले त्याच्या मागून जाऊन ते पुन्हा करीत. त्याने आवळलेल्या प्रत्येक नटावर हे पाना लावून बघणार. ही खोड इतकी की स्वयंपाकघरातून नुसते पाणी प्यायला गेले तरी बरण्यांची झाकणं आवळून जात. ती उघडता उघडता माझी मनगटं निकामी व्हायची वेळ आली.

एकदा गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यांनी तसंच केलं. चारही चाकांच्या नटांवर पाना फिरवला. एक नट किंचित फिरला. थोरले गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "याच्या हातात पाना देऊन चूक केली. झाडू द्यायला हवा होता." गिऱ्हाईक हसलं. माझ्या नवऱ्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं सोडलं. थोरल्यांनीही मिठाची गुळणी धरली. तेव्हा माझी लेक शाळेत होती. ती शिकली, नोकरीला लागली, तरी या दोघांचं तोंड काही उघडलं नाही.

बरं, वेगळे होतील तर तेही नाही. एकाच छपराखाली, एकाच गाडीवर काम. मग त्यांनी न बोलता गाडीची वाटणी केली. बॉनेटपासून स्टिअरिंगपर्यंत सगळं थोरल्यांचं, चाकं आणि गाडीखालचं सगळं माझ्या नवऱ्याचं. नवरा ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा नाही आणि थोरले गाडीखाली वाकून बघायचे नाहीत. काही सांगायचं झालंच तर मला हाक मारून वरून खाली बोलवायचं. "धाकटे, सांग त्याला, मागचं चाक आवाज करतंय." नवरा तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेला असे. मग मी त्याला सांगायचं, "मागचं चाक आवाज करतंय." आणि तो मला सांगायचा, "सांग त्याला, मला माहितेय." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी काय यांची टपालपेटी?

पण ब्रेकमधली हवा काढायचं काम असं आहे की ते दोघांशिवाय होत नाही. एकाने सीटवर बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकामागचा बारीक बोल्ट सैल करायचा. तेल बुडबुड्यांसकट बाहेर येतं. बोल्ट बंद करायचा आणि मगच पॅडल सोडायचं. बोल्ट उघडा असताना वरच्याने पाय उचलला की बाहेरची हवा उलट आत शिरते आणि ब्रेक मेणासारखा मऊ होतो. म्हणून साऱ्या जगातले मेकॅनिक एकमेकांना ओरडून सांगतात, दाब, सोड, दाब, सोड. आमच्या गॅरेजात माझा नवरा खालून पान्याने पत्र्यावर ठोके मारायचा. एक ठोका म्हणजे दाब, दोन ठोके म्हणजे सोड. वर थोरले समोरच्या काचेतून पुतळ्यासारखे बघत बसायचे आणि पाय हलवायचे. गिऱ्हाइकांना याचं कोण कौतुक! "काय जमलेलं काम आहे भावांचं!" म्हणायचे. मी चहाचा ट्रे आपटून परत जायची.

लेकीला घाटापलीकडे नोकरी लागली. रोज घाट उतरायचा आणि चढायचा. तिच्यासाठी एक जुनी गाडी घेतली आणि दोघांनी आपापल्या वाटणीने ती नवीकोरी केली. गाडी चालवायला तिला थोरल्यांनीच शिकवलं होतं. तिच्याशी बोलताना त्यांचा आवाज माणसासारखा व्हायचा, हे मला दिसत होतं आणि त्याचाही मला रागच यायचा. म्हणजे येत होतं त्यांना नीट बोलता. आमच्याशीच बोलायचं नव्हतं.

ती निघायची त्याच्या आदल्या दिवशी ब्रेकचं काम शेवटचं ठेवलं होतं. थोरले सीटवर बसले, नवरा मागच्या चाकापाशी गाडीखाली आडवा झाला. शेजारचा गाळा बरेच महिने रिकामा होता, तिथे त्याच सकाळी एक डेंटिंगवाला आला होता. त्याने भिंतीपलीकडे कुठल्याशा चेपलेल्या दारावर हातोडा चालवायला सुरुवात केली. वस्तीत आवाज काय कमी असतात? त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

काम संपेना. तेलाची एक बाटली संपली, दुसरी संपत आली. मी खाली गेले तेव्हा दोघांची तोंडं फुगलेली.

"धाकटे, सांग त्याला, बोल्ट नीट बंद करत जा म्हणावं."

गाडीखालून नवरा म्हणाला, "सांग त्याला, अजून बुडबुडे येतायत. पाय ठिकाणावर ठेव म्हणावं."

"माझा पाय?" थोरले मला म्हणाले. "हा मला पाय शिकवणार?" त्यांनी रागारागाने पॅडल चार-पाच वेळा दणादण दाबलं आणि म्हणाले, "दगडासारखं कडक आहे. झालं काम." आणि उतरून हात धुवायला गेले.

भराभर दाबलं की हवा भरलेलं पॅडलही थोडा वेळ कडक लागतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. नवऱ्याने उठून एकदा सीटवर बसून पॅडल हळू दाबून बघितलं असतं तर सगळं कळलं असतं. पण सीट थोरल्यांची. आणि थोरल्यांनी वाकून ते बुडबुडे बघितले असते तरी कळलं असतं. पण चाकं नवऱ्याची. दोघांनी हात झटकले.

सकाळी लेक गाडीत बसली. नवरा फाटक उघडायला उतरून खाली गेला आणि गाडीकडे पाठ करून कडीशी झटापट करत उभा राहिला. थोरल्यांनी चाकाखालचा लाकडी ठोकळा काढला. गाडी उतारावर सरकायला लागली आणि लेकीचा पाय पॅडलसकट थेट तळाला गेला. तिचा चेहरा मला काचेतून दिसला. थोरले ओरडले, "बाजूला हो!"

नवरा हलला नाही. पुन्हा ओरडले, "अरे, बाजूला हो!" मी ओरडले तेव्हा कुठे तो वळला. लेकीने हँडब्रेक ओढला, गाडी थांबली, पण तोवर त्याचा डावा पाय फाटकात आणि बंपरमध्ये सापडला होता.

दवाखान्यात प्लास्टर झाल्यावर मी त्याला विचारलं, "त्यांनी दोनदा हाक मारली. ऐकू नाही आली?"

"आली."

"मग?"

तो छताकडे बघत म्हणाला, "दादाचा आवाज होता. सवयीने नाही वळलो."

मला रडूच आलं, आणि रागही असा आला की दोन्ही भावांना शेजारी बसवून एकेक ठेवून द्यावीशी वाटली. माझ्या पोरीच्या हातून तिच्या बापाचा जीव गेला असता. का, तर हाक कोणाची होती म्हणून!

लेकीने कामावर कळवून काही दिवस मागून घेतले. ती कोणाशी बोलत नव्हती. आपलंच काहीतरी चुकलं असं तिने मनात धरलं होतं. थोरले गॅरेजात स्टुलावर नुसते बसून असायचे. ते तिला एकदाही म्हणाले नाहीत की तुझी चूक नव्हती. मी वाट बघितली. नाहीच म्हणाले.

मग एका दुपारी ती चहा द्यायला खाली गेली आणि दारातच थबकली. भिंतीपलीकडे हातोडा पडत होता. ठक. स्टुलावर बसलेल्या थोरल्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. ठक ठक. पाय उचलला गेला. त्यांचं लक्षही नव्हतं. ठक. दाबला. ठक ठक. उचलला.

तिने कप खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "काका, तुमच्या पायाकडे बघा."

थोरल्यांनी बघितलं. पलीकडे पुन्हा ठोके पडले आणि त्यांचा पाय पुन्हा उचलला गेला, त्या दिवशी खाली बोल्ट उघडा असताना उचलला गेला असेल तसाच. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी लेकीने फर्मान काढलं. ब्रेकचं काम पुन्हा होईल आणि हेच दोघे करतील. नवऱ्याला प्लास्टरमुळे आडवं होता येईना, म्हणून त्याला धरून धरून थोरल्यांच्या सीटवर बसवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. थोरले कुरकुरत खाली आडवे झाले, तेही पहिल्यांदा. आणि सवयीने त्यांनी ठोका मारायला पाना उचलला.

लेकीने वाकून तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "तोंडाने," ती म्हणाली. "मला ऐकू आलं पाहिजे. नाहीतर मी या गाडीत पाय ठेवणार नाही. नोकरी गेली तरी चालेल."

पलीकडे हातोडा चालूच होता. मग गाडीखालून खरखरीत आवाज आला. "दाब."

नवऱ्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. उजवा पाय पॅडलवर होता, पण हलत नव्हता. त्याला माफी हवी होती, मला ठाऊक होतं. इतकी वर्षं तो त्या एका शब्दासाठी थांबला होता आणि त्याला मिळालं काय, तर हे.

"दाब ना रे," थोरले म्हणाले.

नवऱ्याने डोळे मिटले. "दाबलाय."

"सोड."

"सोडलाय."

त्यानंतर सगळी दुपार तेवढंच ऐकू येत होतं. जिन्यावर बसून मी ऐकत होते आणि माझं डोकं फिरत होतं. हे दोन शब्द माझ्या नवऱ्याच्या हाडापेक्षा महाग होते का?

लेकीने गाडी उतारावर घेतली आणि फाटकाशी, बापाला धक्का लागला होता नेमक्या त्याच जागी, ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. तिने मागे वळून आमच्याकडे बघितलं आणि फाटकाबाहेर निघून गेली.

नवरा स्टुलावर बसला होता, शेजारी थोरले हात पुसत होते. ते मला म्हणाले, "धाकटे, सांग त्याला..."

"मी नाही सांगणार. समोर बसलाय. तुम्हाला तोंड आहे, तुम्हीच सांगा."

थोरल्यांनी नाकपुड्या फुगवल्या. मग फाटकाकडे बघत म्हणाले, "पॅडलवर पाय तिरका ठेवतोस तू."

"पाय मोडलाय माझा," नवरा म्हणाला.

"तो नाही. दुसरा."

तोच पाना उचलून त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं. नवरा मान खाली घालून आपल्या धड पायाकडे बघत बसला. मग त्याने तो सरळ केला.