विहीर ढासळली त्या दुपारी

आमच्याकडे जमीन हलत नाही, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. हादरे बसायचे ते कोयनेकडे. आमची वस्ती औंधच्या बाजूला, दारात उभं राहिलं की यमाईचा डोंगर दिसतो, आणि खाली सगळा काळा पाषाण. त्यामुळे यंदा पावसाळा सरत आला आणि जमिनीतून गुरगुर ऐकू यायला लागली, तेव्हा आम्हाला खाणीतले सुरुंगच वाटले. मग फळीवरची भांडी वाजू लागली. कॉलेजातले दोन प्राध्यापक येऊन विहिरींतले थर पाहून गेले. वर माती, मग मुरूम, मग काळा दगड, मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा आणि पुन्हा दगड. पाऊस फार झाला की पाणी भेगांतून खोल उतरतं आणि कधीकधी असे लहान हादरे बसतात, घाबरू नका, फक्त जुन्या बांधकामापासून जपून राहा, असं त्यांनी समजावलं. ते सगळं पटलं, पण मनातली भीती काही गेली नाही. पायाखालची जमीनच जर भरवशाची नाही, तर माणसानं टेकायचं कुठं? प्रत्येक हादऱ्याला मी डोंगराकडे बघून नवा नवस बोलायची. कधी ओटी, कधी साडी, कधी अनवाणी येईन म्हणून. बोलून झालं की वाटायचं, ऐकतंय का कुणी?

नवरात्राच्या आधीची गोष्ट. विहिरीतली मोटर गाळात अडकली होती आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं. मी म्हटलं, "आवं, नका उतरू. चार दिस जाऊ द्या." हे हसले. "काय हुतंय? आज्यानं बांधलेल्या विहिरीला शंभर पावसाळं झालं असतील." वरचा भाग जुना, घडीव दगडांचा. त्यातून निघालेल्या पायऱ्यांवरून हे खाली कातळाच्या टप्प्यावर गेले.

आधी आवाज आला. दगडांनी भरलेला ट्रक कुणी एकदम रिकामा करावा तसा, पण जमिनीच्या पोटातून. समोरचा बांधीव काठ पोट फुगवल्यासारखा पुढे आला आणि पायऱ्यांसकट आत गेला. धूळ उठली. पाणी वरपर्यंत उसळलं. मी हाका मारत सुटले, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. बऱ्याच वेळानं खालून आलं, "हाय मी. पाय अडकलाय."

धाकटे दीर आणि शेजारचे धावत आले. ह्यांचा पाय गुडघ्याखाली एका मोठ्या दगडाखाली सापडला होता आणि ढिगाऱ्यानं पाणी चढून कमरेपर्यंत आलं होतं. दीर कासरा घेऊन काठाशी गेले, तोच पुन्हा जमीन थरारली आणि दोन दगड सुटून पाण्यात पडले. सगळे मागे सरले. त्यांना कोण बोल लावणार? दगड उचलायचं यंत्र मागवायला फोन झाले, पण ते कोरेगावहून यायचं होतं. खालून ह्यांचा आवाज बारीक होत चालला होता. "पोरीला सांग..." एवढं म्हणून ते थांबले. आमची मुलगी सांगलीला शिकते. मी ओरडले, "तुमीच सांगा तिला, वर येऊन!"

तेव्हा मी नवस बोलायला तोंड उघडलं आणि काहीच सुचलं नाही. द्यायला काही उरलंच नव्हतं. मी तशीच ओल्या मातीवर बसले, दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि डोंगराकडे न बघताच म्हटलं, आई, आता तुझं तू बघ. मागणंसुद्धा नव्हतं ते. हातातलं ओझं खाली ठेवावं तसं झालं.

मला वाटतं त्याच सुमारास रस्त्यावर बोअरची गाडी दिसली. दीर आडवे धावले. गाडीवरची माणसं तमिळ मुलखातली. त्यांतला एक उतरला, पन्नाशीचा, काळासावळा, कपाळाला भस्म. त्यानं विहिरीभोवती एक फेरी मारली, जमिनीवर पाय आपटून पाहिला आणि गाडी काठापासून लांब, उघड्या कातळावर उभी करायला लावली. तिच्यावरची तारेची दोरी काठावर आडव्या टाकलेल्या बाभळीच्या ओंडक्यावरून सोडली. स्वतःच्या कमरेला पट्टा बांधला, हातात पहार घेतली. मी पुढे झाले तर म्हणाला, "अम्मा, तुम बैठो. मैं लाता है." आणि उतरला.

खालून पहारीचा आवाज यायचा, थांबायचा. मध्येच पुन्हा गुरगुर झाली. वर दोरी धरलेल्यांचे चेहरे पांढरे पडले, पण कुणी हात सोडला नाही. मग ह्यांची एक किंकाळी आली, आणि पाठोपाठ त्या माणसाची आरोळी, "खींचो!" आधी हे वर आले. डावा पाय लोंबत होता, पण डोळे उघडे होते. मग तो आला.

ह्यांना दवाखान्यात न्यायची घाई चालली असताना जाऊबाईंनी त्याला भाकरी आणि पिठलं दिलं. तो बांधावर बसून जेवला. पलीकडच्या गावात त्यांना बोअर मारायला बोलावलं होतं, पण जमीन हलतेय म्हणून मालकानं ऐन वेळी नको म्हटलं, म्हणून ते परत निघाले होते, हे त्यानंच दिरांना सांगितलं. ज्या हादऱ्यांनी विहीर ढासळली, त्याच हादऱ्यांच्या भीतीनं त्याला आमच्या रस्त्यानं पाठवलं होतं. ह्याचा अर्थ लावत बसायची माझी पात्रता नाही. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं.

ह्यांचा पाय जुळला, थोडे लंगडतात. हादरे अजून अधूनमधून बसतात. परवा सकाळी भाकरी थापताना काटवट हाताखालीच थरथरली. ओसरीवरून ह्यांनी विचारलं, "कळलं का गं?" "व्हय," मी म्हटलं. आम्ही दोघं अंगणात आलो, थरथर थांबेपर्यंत एकमेकांचा हात धरून उभे राहिलो. मी यमाईला कसला नवस कबूल केला नाही. मग आत जाऊन उरलेली भाकरी तव्यावर टाकली.