सोड म्हनलं तर सोडंल

अश्विनी एका सोमवारी गेली. दिल्लीत, ऑफिसमध्ये, दुपारी. मेंदूत रक्तस्राव झाला. संध्याकाळी तिच्या वडिलांना फोन आला. अण्णा तेव्हा मंचरजवळ कळंबला, शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या त्यांच्या दुकानात होते. मग त्यांनी मला फोन केला आणि पहिल्यांदा विचारलं ते हे, "पोरी, तिचं ऑफिस दिल्लीत कुठशी हाये गं? तुला तरी ठावं असंल..." मला ठाऊक नव्हतं. शाळेपासूनची मैत्री, पुस्तकांची देवघेव, पण ती रोज सकाळी कुठल्या दारातून आत जाते हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे तिनं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं.

ती सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात होती. आता हे लिहायला हरकत नाही असं अण्णा म्हणाले. माणसांच्या बोलण्यातून, लिहिण्यातून, येण्याजाण्यातून यंत्राने अर्थ काढायचा आणि कुणावर संशय घ्यावा ते सुचवायचं, अशा कामावर होती. याहून जास्त मला माहीत नाही.

तिची निवड झाली तेव्हाची गोष्ट कळंबमध्ये अजून सांगतात. ती पुण्यात एका कंपनीत होती. एके दिवशी साध्या कपड्यातला एक माणूस मोटरसायकलवरून गावात आला आणि शेजारच्या शकूकाकूंच्या ओट्यावर टेकला. मुलगी कशी आहे, घरचे कसे आहेत, कुणाशी ऊठबस, काही वाईट नाद... असं विचारू लागला. आमच्याकडे असे प्रश्न एकाच कामासाठी विचारतात. काकूंनी त्याला पोहे केले, दोनदा चहा दिला आणि शेजारधर्म पाळला. "पावणं, पोरीत खोट काढून दावा. लई गरीब. कुनाशी बोलनं न्हाई, चालनं न्हाई. आन् नोकरीचं म्हनाल तर तिचा काय बी हट्ट न्हाई. सोड म्हनलं तर सोडंल!" निघताना काकूंनी हळूच विचारलं, "मुलगा काय करतो?" तो म्हणाला, "कुठला मुलगा?"

पुढे पडताळणीच्या शेवटच्या मुलाखतीत एका अधिकाऱ्याने तिला गंभीरपणे विचारलं, लग्न झाल्यावर तुम्ही नोकरी सोडणार असं गावात समजतं, खरं का? हे सांगताना ती इतकी हसली की आम्ही दोघी बसलो होतो त्या रसवंतीचा मालक वळून बघू लागला. काकूंना कुणी चिडवलं की त्या उसळायच्या, "पोलिसी चौकशी हाये ही मला काय ठावं? त्याच्या कपाळावर लिहिलं व्हतं का?" पण त्या चौकशीनंतर नेमणुकीचं पत्र यायला वर्ष उलटून गेलं. तिच्याबरोबर निवडलेले बाकीचे तोवर बेंगळुरूच्या कंपन्यांत रुजूही झाले होते. ती थांबली. का थांबलीस, असं तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "एकदा बघून तरी येते."

बघायला गेलेली ती परत आली नाही. सुट्टीत यायची तेवढीच. आली की चपला काढायच्या आधी फोन बंद करून दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवायची आणि मग घरात पाऊल टाकायची. ऑफिसात फोन बाहेर ठेवावा लागतो, तीच सवय. तिच्या आईच्या माघारी अण्णा एकटेच होते. त्यांनी काही न बोलता त्या कोनाड्यात चार्जिंगसाठी एक प्लग बसवून दिला. स्थळं येत होती, तीही थांबली. मुलगी काय काम करते, या प्रश्नाला "सांगता येत नाही" असं उत्तर मिळालं की समोरची माणसं एकमेकांकडे बघायची. एका बाईंनी तर अण्णांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "खरं सांगा, पोरगी करते तरी काय?"

अण्णांनी तिला एकदाच सोड म्हटलं. गेल्या दिवाळीत. तिचं डोकं सारखं दुखत होतं, गोळी घेऊन ती भिंतीला टेकून बसायची. हिंजवडीच्या एका कंपनीने बोलावलं होतं, पगार कितीतरी पट, शनिवार-रविवार घरी. अण्णा तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "अशू, लई झालं. सोड आता." तिनं गोळ्यांचं पाकीट मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या जागेवर उभं राहील असं एक माणूस तयार होऊ दे अण्णा. झालं की सोडते." अण्णा हसले. "काकूनं सांगितलंच व्हतं त्यांला," ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी तिच्यासाठी माडीवरच्या खोलीला रंग दिला आणि इंटरनेटची लाइन घेतली.

ते एक माणूस शोधायला ती तिच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेली. मीही बरोबर होते. वर्ग भरलेला होता. ती नीट बोलली, पण काय बोलणार? एका मुलाने विचारलं, "मॅडम, काम नेमकं काय असतं?" ती म्हणाली, सांगता येत नाही. दुसऱ्याने विचारलं, केलेलं काम पुढच्या नोकरीत दाखवता येतं का? नाही. "आणि फोन पण बाहेर?" हो. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मग तुम्ही काय चूक केली होती?" सगळा वर्ग हसला. तीही हसली. मग एका मुलीने उभं राहून विचारलं, "पण तुम्ही का राहिलात?" त्याचं उत्तर तिनं वर्गात दिलं नाही.

ते मला मिळालं, परतताना, मंचरच्या अलीकडे गाडी उभी करून आम्ही चहा घेत होतो तेव्हा. ती म्हणाली, "यंत्र एखाद्याचं नाव पुढे करतं ना, तेव्हा फार खात्रीने करतं. कधीकधी ती खात्री पोकळ असते. ती कुठे पोकळ आहे हे आतून बघता येणारं कोणीतरी तिथे लागतं, जे साहेबांना 'थांबा' म्हणेल. यंत्र विकणारा विकून जातो. शिकलेली पोरं वर्षभरात कंपनीत जातात, त्यांचीही चूक नाही. पण मीही गेले तर 'थांबा' कोण म्हणणार? आणि त्या नावाचा माणूस कळंबसारख्याच कुठल्यातरी गावात असतो. त्याला माहीतही नसतं."

कॉलेजातली ती मुलगी पुढे खरंच निवडली गेली. तिच्याही गावात चौकशी झाली. अश्विनी दर फोनला सांगायची, आता येईल, कागद हलतोय. अण्णा विचारायचे, "आली का गं तुझी पोरगी?" कागद हलत राहिला. एके दिवशी अश्विनीने कळवलं, त्या मुलीने परदेशातली नोकरी घेतली. "मी तिला अडवलं नाही," ती म्हणाली. आवाज थकलेला होता. डॉक्टरांकडे जा, असं मी म्हटलं. या महिन्यात जमणार नाही, तिघांचं काम एकटीवर आहे, पुढच्या महिन्यात नक्की, असं तिचं उत्तर आलं. त्या पुढच्या महिन्यातच हे झालं.

दशक्रियेला घोड नदीच्या काठावर गाव जमलं. आमच्याकडे माइकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात. गेलेल्या माणसाने काय केलं ते चार लोक उठून सांगतात. तिच्याबद्दल कुणाला काही सांगता येईना. "दिल्लीत मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होती, गावाचं नाव काढलं," एवढं बोलून एकजण खाली बसला, आणि पुढच्यांनीही तेच म्हटलं. पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली येईनात. मग नेहमीसारखी माणसं एकेक करून पुढे झाली. अण्णांना सांभाळू म्हणाली, दुकान चालू ठेवू म्हणाली. "अजून काय इच्छा ऱ्हायली असंल बरं पोरीची?" गुरुजींनी विचारलं. शकूकाकू पदराने तोंड दाबून म्हणाल्या, "आमाला काय ठावं वो... तिनं कधी सांगितलं का?"

माणसांच्या मागे पांढऱ्या शर्टातला एकजण उभा होता. दिल्लीहून आला होता, नाव सांगितलं नाही, सोबत काम करायचो एवढंच म्हणाला. अण्णांनी त्याच्याजवळ जाऊन हात जोडले. "साहेब, तिच्या जागी कोन आलं का?" तो खाली बघत म्हणाला, "नहीं, काकाजी। अभी तो कोई नहीं।" जरा थांबून म्हणाला, "हमें रोकती थी वो। अब कोई नहीं रोकता।"

अण्णा पिंडाकडे वळले. तिच्या जागी कुणी येईल, असं खोटं वचन द्यायला त्यांचं मन झालं नसावं. ऊन चढल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं पांगली.

परवा अण्णांकडे जाऊन आले. माडीवरची खोली बंद आहे, रंगाचा वास अजून येतो. इंटरनेटची लाइन त्यांनी काढलेली नाही. बाहेरून आले की अण्णा आता आपला फोन बंद करतात, दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवतात, आणि मग चपला काढून घरात जातात.